खांदे अडतात तिथे नकाशा संपतो

गुहेचा नकाशा काढताना एक जागा हमखास येते जिथे आपण थांबतो. दगड तिथे संपलेला नसतो, पोकळीही संपलेली नसते, वारा तर अजिबात थांबत नाही, उलट त्या फटीला गाल लावला की गार झुळूक लागते आणि कळतं की पलीकडे अजून बरंच काही आहे. अडतात ते फक्त आपले खांदे. मग वहीत "अरुंद, वारा आहे" असं लिहायचं, एक प्रश्नचिन्ह काढायचं आणि मागे फिरायचं.

मी हौसेने गुहांच्या सर्व्हेला जाते आणि आणलेल्या आकड्यांचे नकाशे बनवते, त्यामुळे ही प्रश्नचिन्हं माझ्या फार ओळखीची झालीयेत. काम सांगायला सोपं आहे. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंतचं अंतर, दिशा आणि चढ-उतार मोजायचा, या खुणांना स्टेशन म्हणतात, पूर्वी त्यासाठी टेप, होकायंत्र आणि उतार मोजायचं यंत्र लागायचं, आता बहुतेक जण हातात मावणारं लेझर वापरतात ज्यात तिन्ही मापं एका बटणावर येतात, मग डावी-उजवी भिंत, छत, तळ, आणि हे सगळं चालू असताना कोणीतरी चिखलाच्या हातांनी स्केच काढत बसलेलं असतं. घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये भरलं की रेषांचा सांगाडा उभा राहतो. पण कितीही नीट मोजलं तरी त्या नकाशात येते ती माणसाच्या अंगाला पुरेल एवढीच जागा. रेन कर्ल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९६६ मध्ये हे मांडलं होतं, की आपण ज्याला गुहा म्हणतो ती आपल्याच आकारावरून ठरवलेली गोष्ट आहे, आणि ज्यांना बाहेर उघडणारं तोंडच नाही अशा गुहा तोंड असलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त असणार. त्याने हे गणिताने दाखवलं. रुमानियात वीस वर्षांनी ते डोळ्यांनी दिसलं.

१९८६ मध्ये काळ्या समुद्राजवळ मंगालिया गावाच्या बाहेर वीज प्रकल्पासाठी जमीन तपासायला एक खड्डा खणला जात होता आणि तो खड्डा थेट एका गुहेत उघडला. मोविले गुहा. तोपर्यंत तिला माणूस जाईल असं तोंड नव्हतंच, कित्येक लाख वर्षं ती बाहेरच्या जगापासून जवळजवळ बंद होती. आतल्या हवेत ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन भरपूर, पाण्याला हायड्रोजन सल्फाइडचा कुजका वास, आणि तिथे पन्नासेक जातींचे अपृष्ठवंशी जीव राहत होते, त्यातले बहुतेक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. कोळी, पाणविंचू, गोमी, जळवा. ऊन कधी न पाहिलेल्या जागी अख्खी अन्नसाखळी, आणि तिच्या तळाशी झाडं नाहीत तर सल्फाइड आणि मिथेनवर जगणारे बॅक्टेरिया. तो खड्डा थोडा बाजूला खणला असता तर? हा प्रश्न मला सोडत नाही. कारण मग मोविले आजही असती, आणि ती "आहे" हे कुणालाच माहीत नसतं, आणि वर प्रकल्प उभा राहिला असता तरी कुणाच्या हातून काही गेलं असं कुणालाच वाटलं नसतं.

या जिवांबद्दल विज्ञानाला कळलं तेच मुळी उशिरा. स्लोव्हेनियातल्या पोस्टोयना गुहेत दिवे लावायचं काम करणाऱ्या लुका चेचला १८३१ मध्ये एक विचित्र भुंगेरा सापडला, बारीक मान, लांबच लांब पाय, फुग्यासारखं चकचकीत पोट आणि डोळे नाहीतच. पुढच्या वर्षी फर्डिनांड श्मिटने त्याचं रीतसर वर्णन छापलं, लेप्टोडिरस होखेनवार्टी, आणि तिथून गुहेतल्या कीटकांचा अभ्यास सुरू झाला असं मानतात. मग १९०७ मध्ये एमिल राकोवित्सा या रुमानियन जीवशास्त्रज्ञाने या विषयाचा पाया घालणारा मोठा निबंध लिहिला आणि १९२० मध्ये क्लुज शहरात गुहाविज्ञानाची जगातली पहिली संस्था उभी केली. हे सगळं सांगायचं कारण असं की पहिला शोध एका दिवे लावणाऱ्याचा होता हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण तो माणूस रोज तिथे जात होता. जमिनीखालचं बरंचसं ज्ञान असंच आलंय, पुन्हा पुन्हा त्याच ओल्या भिंतीकडे बघणाऱ्या लोकांकडून.

लोक विचारतात की या बिनडोळ्यांच्या, फिक्या, नखाएवढ्या जिवांमध्ये एवढं काय आहे. मला उलट वाटतं की एवढं काटेकोर जगणं वरच्या जगात फार कमी ठिकाणी दिसतं. गुहेच्या आत खोलवर तापमान वर्षभर जवळजवळ सारखं असतं, वरच्या जमिनीच्या वार्षिक सरासरीच्या आसपास, हवेत ओल शंभर टक्क्यांच्या जवळ, आणि खायला अगदी थोडं, म्हणजे पुराने आणलेला पालापाचोळा, वटवाघळांची विष्ठा, छतातून खाली आलेली मुळं, असं जे मिळेल ते. अशा ठिकाणी डोळे सांभाळणं परवडत नाही, त्याऐवजी मिशा आणि पाय लांब होतात, त्यावरच्या स्पर्शाच्या आणि वासाच्या केसांवर सगळं काम चालतं. पिरेनीज पर्वतातला स्पिओनोमस लाँगिकॉर्निस हा भुंगेरा तर एका वेळी एकच मोठं अंडं घालतो, आणि त्यातून निघालेली अळी काहीही न खाता मोठी होते, तिला लागणारं सगळं आईने त्या एका अंड्यात भरून दिलेलं असतं. एकच अंडं! वरच्या जगातले कीटक शेकड्याने अंडी घालतात आणि त्यातली बरीचशी वाया जातात, इथे वाया घालवायला काहीच नाही. आणि म्हणूनच हे जीव एकदा कमी झाले की भराभर परत येत नाहीत. वाढ हळू, पिल्लं कमी, आयुष्य लांब. संवर्धनाच्या बाबतीत या तीन गोष्टी एकत्र येणं फार धोक्याचं असतं.

आता मुद्द्याची गोष्ट. हे जीव गुहेत "राहतात" असं आपण म्हणतो खरं, पण गुहा ही त्यांच्या जगातली एक मोकळी जागा आहे, जिथे आपण जाऊ शकतो म्हणून ते आपल्याला तिथे भेटतात. फक्त गुहा मोजून त्यांचं घर मोजलं म्हणणं म्हणजे इमारतीचा जिना मोजून इमारत मोजली म्हणण्यासारखं आहे. १९८० मध्ये फ्रान्समधल्या क्रिस्तियाँ ज्युबेर्ती आणि सहकाऱ्यांनी पिरेनीजच्या उतारांवर, जिथे गुहा नाहीतच, तिथे मातीच्या थराखाली दगडगोट्यांच्या फटींमध्ये हेच गुहेतले म्हणवले जाणारे भुंगेरे शोधून दाखवले. वर माती आणि जंगल, खाली मूळ खडक, आणि मध्ये पडलेल्या दगडांचा सच्छिद्र थर, जो अंधारा, ओला आणि थंड असतो. आज तिथे काम करणारे लोक काय करतात तर भोकं पाडलेला प्लास्टिकचा पाइप जमिनीत उभा पुरतात, त्याच्या तळाशी वास येणारं आमिष ठेवलेली वाटी सोडतात, आणि काही आठवड्यांनी वर ओढून बघतात कोण आलंय. इतकं साधं साधन, आणि त्यातून हे कळलं की "गुहेची" जात अख्ख्या डोंगरभर पसरलेली असू शकते.

हवाईतही असंच झालं. गुहेला जुळवून घेतलेले जीव थंड प्रदेशातल्या चुनखडीत सापडतात, उष्ण कटिबंधात आणि लाव्हाच्या नळ्यांमध्ये, म्हणजे लाव्हा वाहून गेल्यावर मागे राहिलेल्या भुयारांमध्ये नाही, असा बऱ्याच जणांचा समज होता, कारण लाव्हाच्या गुहा भूशास्त्राच्या हिशोबाने फार तरुण असतात. १९७१ मध्ये फ्रान्सिस हॉवर्थला तिथल्या लाव्हा गुहांमध्ये असे जीव सापडले आणि पुढे सापडतच गेले. त्यात कौआई बेटावरचा अडेलोकोसा एनॉप्स हा कोळी आहे, वुल्फ स्पायडर कुळातला, ज्या कुळाची ओळखच मोठ्या डोळ्यांनी होते, आणि याला डोळे अजिबात नाहीत. या गुहांमध्ये अन्न कुठून येतं तर मोठ्या प्रमाणात वरच्या झाडांच्या मुळांमधून. ती छतातून खाली लोंबत असतात आणि तुडतुड्यांसारखे कीटक त्यांवर जगतात. वरचं जंगल तोडलं की कुणी गुहेला हातही न लावता गुहा उपाशी पडते.

खोलीचं म्हणाल तर कॉकेशसमधल्या क्रुबेरा गुहेत १९८० मीटर खाली एक स्प्रिंगटेल सापडला, मिलिमीटरच्या मापातला, शेपटीच्या चिमट्याने उडी मारणारा बारीक जीव, २०१२ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं. आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियातलं. खनिज शोधायला घेतलेल्या बोअरमध्ये ६० मीटर खालून एक दोऱ्यासारखा मिलिपीड वर आला, २०२१ मध्ये त्याला युमिलिपीस पर्सेफोनी नाव मिळालं, मादीचे पाय मोजले तर १,३०६. मिलिपीड म्हणजे हजारपायी, आणि खरोखर हजार पाय असलेला पहिला मिलिपीड जगाला भेटला तो एका बोअरच्या भोकातून. तिथे गुहा नव्हती. माणूस शिरेल अशी जागाच नव्हती.

पाण्याची गोष्ट तर आणखी अवघड. चुनखडीच्या प्रदेशात पाणी वरच्या डोंगररांगा बघून वाहत नाही. ११ ऑगस्ट १९०१ ला फ्रान्समधल्या पोंतार्लिए गावात आब्सांत दारूच्या कारखान्यावर वीज पडून आग लागली, स्फोट होऊ नये म्हणून दारूचा प्रचंड साठा दू नदीत सोडून दिला, आणि दोन दिवसांनी लू नावाच्या वेगळ्याच नदीच्या उगमाला दारूचा वास यायला लागला. दोन वेगळ्या नद्या, आणि खाली जमिनीतून वाट एक. त्याच्याही आधी १८७७ मध्ये जर्मनीत डॅन्यूब नदी जिथे जमिनीत मुरते तिथे दहा किलो रंग ओतला होता, सुमारे साठ तासांनी तो बारा किलोमीटरवरच्या आखच्या झऱ्यात हिरवागार होऊन वर आला. आजही आम्ही हेच करतो, एका ठिकाणी फ्लुरेसिन ओतायचं आणि आजूबाजूच्या प्रत्येक झऱ्यात कोळशाच्या छोट्या पुरचुंड्या लावून वाट बघायची, कारण कोळसा तो रंग धरून ठेवतो. भूजलातल्या जिवांच्या नकाशासाठी यासारखं दुसरं काम नाही असं मला वाटतं. गुहा कुठे आहे यापेक्षा तिच्यात पाणी कुठून येतंय ही हद्द जास्त महत्त्वाची, कारण विष येणार ते तिकडूनच.

आणि त्या पाण्यात राहतंय कोण? युरोपात निफार्गस नावाचे, कोळंबीच्या दूरच्या नात्यातले आंधळे कवचधारी आहेत, या एका प्रजातीत (जीनसमध्ये) चारशेहून जास्त जाती. दिनारिक पर्वतरांगांच्या गुहांमध्ये जमिनीखालच्या पाण्यात राहणारे शिंपले आहेत, काँजेरिया, आणि ते ज्या भागातले आहेत तिथे धरणं आणि वीज प्रकल्पांनी पाण्याच्या वाटा बदलल्यामुळे ते झपाट्याने घटलेत. बहामाच्या पाण्याने भरलेल्या गुहेत जिल येगरला १९७९ मध्ये रेमिपीड हा कवचधाऱ्यांचा अख्खा नवा वर्गच सापडला, नवी जात नाही, वर्ग. आणि २०१३ मध्ये कळलं की त्यांच्यातल्या एका जातीला विष असतं, असा कवचधारी त्याआधी माहीत नव्हता.

डीएनए तपासायला लागल्यापासून तर आणखी एक गोष्ट समोर आली. ज्या भूजलातल्या जाती मोठ्या प्रदेशात पसरल्यात असं वाटत होतं त्यातल्या बऱ्याच प्रत्यक्षात दिसायला सारख्या पण वेगवेगळ्या जाती निघाल्या. युरोपातल्या पाण्यातल्या जातींवर २००९ मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की दोनशे किलोमीटरपेक्षा मोठा पसारा असलेली जात अगदी क्वचित. नकाशावर याचा अर्थ काय होतो बघा. आपण ज्याला "सगळीकडे आहे, काळजी नको" म्हणत होतो ते फोडलं की त्याचे लहान लहान तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा एकाच खोऱ्यात, एकाच झऱ्याच्या मागे. एक खाण, एक गळकी टाकी, आणि जात संपली.

अभ्यासक या अज्ञानाचे प्रकार पाडतात. किती जातींना अजून नावच नाही, हा एक. नाव असलेल्या जाती नेमक्या कुठे कुठे आहेत ते ठाऊक नाही, हा दुसरा. आणि २०१९ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी तिसऱ्याला राकोवित्साचं नाव दिलं, म्हणजे जागाच अशी की आपण तिथे पोचूच शकत नाही. पहिले दोन प्रकार जंगलातही आहेत, समुद्रातही आहेत. तिसरा खास जमिनीखालचा, आणि तो कितीही पैसे ओतले तरी पूर्ण सुटणार नाही. माझं म्हणणं इथेच आहे. "आधी पूर्ण माहिती गोळा करा, मग संरक्षणाचं बघू" हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण या बाबतीत त्याचा सरळ अर्थ "कधीच नाही" असा होतो. इथे माहिती अपुरी राहणार हे धरूनच नकाशा काढावा लागतो आणि त्या नकाशावर निर्णयही घ्यावा लागतो.

हे कसं करायचं याचं एक उदाहरण मला मनापासून पटलंय. टेक्ससमध्ये सॅन अँटोनिओ शहराखाली आणि भोवती चुनखडी आहे आणि त्यात नऊ जातींचे भुंगेरे, कोळी आणि त्यांचे भाऊबंद २००० सालच्या शेवटी अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत आले. भूशास्त्रज्ञ जॉर्ज व्हेनी यांनी त्या प्रदेशाचे पाच विभाग पाडले, नुसत्या गुहांचे ठिपके न मांडता अख्ख्या जमिनीचे. पहिला, जिथे हे जीव आहेत हे माहीत आहे. दुसरा, जिथे खडकाचा प्रकार आणि रचना बघता ते असण्याची शक्यता बरीच. तिसरा, जिथे ते बहुधा नसावेत. चौथा, जिथे अजून तपासायचं राहिलंय. आणि पाचवा, जिथे ते नाहीत. हा नकाशा खडक बघून काढलाय, दर फटीत शिरून नाही. म्हणजे जिथे आमच्या वहीत प्रश्नचिन्ह असतं तिथेही तो काहीतरी बोलतो, आणि बांधकाम करणाऱ्याला आधीच कळतं की इथे खणायच्या आधी तपासायचंय.

त्याच शहरात २०१२ मध्ये एका हायवेच्या चौकात भुयारी रस्त्याचं काम चालू असताना एक छोटंसं भोक उघडं पडलं आणि आत एक आंधळा कोळी मिळाला, सिक्युरिना व्हेनी, जो तीसेक वर्षांत कुणालाच दिसला नव्हता. याची नोंद असलेली एकमेव गुहा कधीच बुजवून वर घर झालं होतं. काम थांबलं, आराखडा बदलला, रस्ता खालून न्यायचा होता तो वरून न्यायचं ठरलं, खर्च वाढला, आणि एका कोळ्यासाठी एवढं कशाला म्हणून बरीच ओरडही झाली. मला त्यातली वेगळीच गोष्ट टोचते. तो हाच कोळी आहे हे ठरवायला त्याचं विच्छेदन करावं लागलं. या जाती इतक्या सारख्या दिसतात की जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणजे वाचवण्याआधी ओळखायला एक मारावा लागतो. यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण सापळ्यांबद्दल माझं मत ठाम झालंय. आमिष लावून गुहेत महिनोन्महिने विसरून ठेवलेले खड्ड्याचे सापळे मला मान्य नाहीत, एकेक अंडं घालणाऱ्या जिवांच्या घरात असला सापळा म्हणजे मोजणी नव्हे.

त्यामुळे पाण्यातल्या डीएनएची पद्धत आली तेव्हा मला खरंच आनंद झाला. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन, तिथल्या रॉक क्रीक नाल्याच्या काठच्या झऱ्यांमध्ये स्टायगोब्रोमस हाई नावाचा सेंटिमीटरभराचा आंधळा जीव राहतो, राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयाच्या आवारात पहिल्यांदा सापडलेला, १९८२ पासून धोक्यातल्या जातींच्या यादीत. तो बहुतेक वेळ जमिनीखालीच असतो, झऱ्याच्या तोंडाशी पालापाचोळ्यात कधीतरी वाहून येतो. आता झऱ्याचं पाणी गाळून त्यात त्याच्या डीएनएचे अंश मिळतात का ते बघता येतं, २०१८ मध्ये तसं काम छापून आलंय. झऱ्याला धक्का नाही, जीव मारायचा नाही. ज्या फटीत आपले खांदे जात नाहीत तिथून पाणी मात्र बाहेर येतंच ना.

नकाशाचं दुसरं टोक म्हणजे तो दाखवायचा कुणाला. स्लोव्हेनियात एक आंधळा तपकिरी भुंगेरा आहे ज्याला १९३७ मध्ये एका संग्राहकाने हिटलरचं नाव दिलं, आणि नियमाप्रमाणे ते नाव राहिलं. त्या नावापायी आज काही लोक त्याचे मेलेले नमुने विकत घ्यायला तयार असतात, आणि जेमतेम काही गुहांमध्ये असलेली ही जात सापळे लावून चोरून पकडली जाते. त्या भुंगेऱ्याने काहीच केलेलं नाही. अशा जातीच्या गुहेचा जीपीएस आकडा उघड्यावर टाकणं म्हणजे सापळेवाल्यांना आमंत्रण. अमेरिकेच्या १९८८ च्या गुहा संरक्षण कायद्यात सरकारी जमिनीवरच्या महत्त्वाच्या गुहांच्या जागा गुप्त ठेवायची तरतूद आहे ती यासाठीच. पण सगळंच लपवलं तर खाणीचा अर्ज तपासणाऱ्या माणसाला कळणार कसं की खाली काय आहे? मी स्वतः यावर बराच विचार करून एका जागी आलेय: तोंड लपवा, प्रदेश दाखवा. गुहेचं दार कुठे आहे हे चार लोकांना माहीत असलं तरी पुरे, पण त्या गुहेचं पाणी ज्या शिवारातून येतं ती हद्द प्रत्येक सरकारी नकाशावर असायला हवी, रस्त्यांच्या आणि खाणींच्या नकाशावरसुद्धा.

कारण वाचवायचं काम शेवटी वरच असतं. टेक्ससच्या गुहांमध्ये लांब पायांचे, आवाज न करणारे रातकिडे असतात, दिवसा छताला चिकटून आणि रात्री बाहेर खायला, शंभरेक मीटरपर्यंत. परत येऊन ते जी विष्ठा आणि अंडी टाकतात त्यावर आतले बाकीचे जगतात. मग बाहेर दक्षिण अमेरिकेतून आलेल्या लाल मुंग्या पसरल्या, ज्या रातकिड्यांचं खाणं पळवतात आणि गुहेत शिरून मिळेल त्याला खातात. विषारी आमिष टाकलं तर ते रातकिडेही खाणार. तेव्हा तिथे गुहेच्या आसपासच्या वारुळांवर माणसं उकळतं पाणी नेऊन ओततात, एकेक वारूळ करून, आणि हे एकदा करून भागत नाही. चांगल्या प्रतीचं राखीव क्षेत्र किमान चाळीस हेक्टरचं असावं असं तिथल्या शिफारशीत आहे, दारापुरती जाळी लावून काम होत नाही ते यामुळे. गुहेला लोखंडी गेट लावल्याचा फोटो छान येतो, पण रातकिड्यांच्या चरायच्या जागेचा आणि मुळांच्या जंगलाचा फोटो कोण काढतं?

खाणींशी भांडण तर जगभर चालू आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारात २००७ मध्ये पर्यावरण प्राधिकरणाने एका लोहखनिजाच्या खाणीला आधी नकार द्यायची शिफारस केली, कारण त्या टेकाडाच्या आत विंचवांच्या नात्यातले काही मिलिमीटरचे जीव होते जे दुसरीकडे कुठे माहीत नव्हते, नंतर टेकाडाचा काही भाग न खणता सोडायच्या अटीवर खाण झाली. ब्राझीलमध्ये २००८ पासून गुहांना महत्त्वाप्रमाणे चार दर्जे देतात आणि सर्वात वरच्या दर्जाची गुहा नष्ट करता येत नव्हती, २०२२ च्या जानेवारीत नव्या हुकमाने ते ढिलं केलं आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या तरतुदी रोखल्या. मला तडजोडीचं वावडं नाही. लोखंड सगळ्यांनाच लागतं. पण ऑस्ट्रेलियातली तडजोड होऊ शकली ती कुणीतरी आधी बोअरमध्ये जाळं आणि सापळे सोडून बघितलं म्हणून, हे विसरायला नको.

बरं, बिघडलेलं सुधारतं का? केंटकीतल्या हॉर्स केव्ह गावाखालची हिडन रिव्हर गुहा गावाच्या सांडपाण्याने आणि कारखान्याच्या घाणीने इतकी नासली की १९४३ मध्ये ती पर्यटकांसाठी बंद केली, वर रस्त्यावर वास यायचा. १९८९ मध्ये सांडपाण्याची नवी व्यवस्था झाली, घाण थांबली, आणि काही वर्षांत आंधळे मासे आणि आंधळे खेकडावजा क्रेफिश परत दिसायला लागले. ते आले कुठून? वरच्या बाजूच्या स्वच्छ उपवाटांमधून, जिथे घाण पोचली नव्हती आणि माणूसही फारसा पोचला नव्हता. म्हणजे नकाशात न आलेल्या जागांनीच नकाशातली गुहा पुन्हा भरली. तापमानवाढीच्या बाबतीत मात्र असा आडोसा नाही. बाहेरची सरासरी वाढली की उशिराने का होईना आतलीही वाढते, आणि स्थिर थंडीत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या भुंगेऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वीस-तेवीस अंशांच्या वर फार काळ तग धरता येत नाही. डोंगरावरचे प्राणी वर सरकतात म्हणतात, हे कुठे सरकणार, शेजारच्या चुनखडीपर्यंत जायला मध्ये चिकणमातीचं खोरं असतं.

मी हल्ली नकाशे बनवते तेव्हा गुहेच्या रेषेभोवती तीन आणखी थर ठेवते, पाण्याची हद्द, खडकाची हद्द आणि वरची झाडं, आणि प्रश्नचिन्हं खोडत नाही. पण खरी मोठी माहिती आमच्याकडे नाहीच, ती आहे जगभरच्या निरीक्षण विहिरी आणि बोअरमध्ये, ज्यांची पाण्याची पातळी आणि रसायनं वर्षानुवर्षं मोजली जातात. तिथे बारीक जाळी वजन बांधून तळापर्यंत सोडायची, थोडी हलवायची, वर ओढायची, असं पाच-सहा वेळा करायचं, आणि जे येईल ते अल्कोहोलच्या बाटलीत तारीख-जागा लिहून ठेवायचं. पाणी मोजायला माणूस तिथे जातोच आहे, गाडी गेलेली आहे, झाकण उघडलेलं आहे. त्याच्या बॅगेत ते जाळं आणि दोन बाटल्या असल्या पाहिजेत, आणि त्या बाटलीतलं ओळखणाऱ्या, नाव देणाऱ्या माणसाला पगार मिळाला पाहिजे.